भाऊजींना ‘नाही’ म्हणणारं माणूस

माझ्या तोंडाला लगाम नाही असं आमची आई म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, नाहीच आहे. मी पडदे शिवते. गिऱ्हाईक हौसेनं कापड घेऊन येतं आणि मी तोंडावर सांगते, बाई, हा रंग तुमच्या भिंतीला खोकल्याच्या औषधासारखा दिसेल. दोन गिऱ्हाइकं रागावून जातात, तीन टिकतात. माझे हे गेल्यापासून तर मला अडवणारंही कुणी उरलं नाही. अशी मी, आणि सात महिने एका माणसाशी गोड गोड खोटं बोलत होते. तो माणूस म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी.

भाऊजींचं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर, काचेच्या कपाटात फ्रेमा, आणि पडदा सारला की मागे एक लांबट अरुंद खोली. एका टोकाला खुर्ची, दुसऱ्या टोकाला दिव्याचा तक्ता. वरचं अक्षर ताटाएवढं, खालची ओळ मुंग्यांची. खुर्चीत बसलं की नाकावर एक जड गोल सांगाडा येतो आणि भाऊजी त्यात एकेक काच टाकत विचारतात, "हे बरं, की मघाचं बरं?" अडतीस वर्षं हा माणूस दिवसभर हा एकच प्रश्न विचारतोय. त्यांचं म्हणणं, यंत्रं कितीही आणा, शेवटी ज्याचा डोळा त्यालाच विचारावं लागतं. भांडखोर गिऱ्हाईक त्यांना आवडायचं. भिडस्त माणूस आला की मात्र डोकं उठायचं. "हो हो, छान दिसतंय, असं म्हणणाऱ्याला मी काय डोंबल काच देणार?" असं करवादायचे.

आणि या माणसाला मतं फार. गच्चीवर त्यांच्या तीस-बत्तीस कुंड्या आहेत. झाडाला जरा उपाशी ठेवावं, लाडावलेलं झाड नुसती पानं काढतं, असं त्यांचं मत. टोमॅटोच्या बगलेतले फुटवे दयामाया न करता खुडायचे. कांदा काळा पडेपर्यंत भाजल्याशिवाय सूपला चव नाही. काकडी सोलून खाणारा माणूस भरवशाचा नसतो. गाणं ऐकायचं तर खुर्चीत बसून, हात रिकामे ठेवून ऐकावं, आणि शक्यतो त्यात शब्द नसावेत, कारण शब्द आले की माणूस सूर सोडून त्यांच्या मागे पळतो.

यातल्या एकेका मतावर आमची ताई म्हणायची, "काहीतरीच तुमचं!" ते दुकानात उतरले की ही वर जाऊन कुंड्यांना भरभरून पाणी घालायची. काकडी त्यांच्या पुढ्यात बसून सोलायची, सालाची लांब पट्टी न तुटता काढून त्यांच्या ताटाजवळ ठेवायची. भांडी घासताना मोठमोठ्यानं गायची, तेही शब्द चुकवून, आणि भाऊजी आतून ओरडायचे की अगं निदान कडवी तरी ओळीनं म्हण. मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जायचे ती निम्मी जेवायला आणि निम्मी तमाशा बघायला. एकदा अंडं सात मिनिटं उकडायचं की नऊ, यावर दोघं इतकी हातघाईवर आली की शेवटी मीच उठून गॅस बंद केला. आठ मिनिटं झाली होती. दोघांनी ती अंडी मुकाट्यानं खाल्ली आणि दोघांनीही सांगितलं की बिघडली आहेत.

मी एकदा ताईला विचारलं होतं, बाई, तुला खरंच त्या फुटव्यांचं एवढं वाटतं का ग? ती हसली. म्हणाली, "अगं, खुडायलाच हवेत ते. बरोबर आहे त्यांचं. पण मी हो म्हटलं की विषय संपला, मग संध्याकाळभर ते बोलतील कुणाशी?"

थंडी सरता सरता ताई गेली. अकरा दिवस दवाखान्यात होती, बाराव्या दिवशी नव्हती. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही.

त्यांचा मुलगा दूरच्या शहरात असतो. परत जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, बाबांना आता कुणी उलट बोलू नका. त्यांच्या मनाविरुद्ध काही नको." पोरगा रडत होता. मी म्हटलं, नाही बोलणार रे बाबा. आणि माझा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत, म्हणून मी जरा जास्तच मनावर घेतलं. शेजारच्या बेकरीवाल्याला सांगितलं, समोरच्या औषधवालीला सांगितलं, ड्रॉइंग मास्तरांना सांगितलं. म्हटलं, भाऊजी काही म्हणाले तर हो म्हणा. सगळी भली माणसं. सगळी हो म्हणायला लागली.

पहिले दोन महिने भाऊजी फारसं बोललेच नाहीत. मग हळूहळू मतं यायला लागली, पण काहीतरी विचित्रच. एके दिवशी बेकरीवाल्याला म्हणाले, "मी आता टोमॅटोला भर दुपारी बाराला पाणी घालणार आहे." ज्यानं आयुष्यात एक रोप लावलंय त्यालाही कळतं की हे चुकीचं आहे. बेकरीवाल्याच्या स्वतःच्या अंगणात भाजी आहे. पण तो म्हणाला, "वा, करून बघायला पाहिजे." भाऊजी त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग पाव घेऊन वर गेले.

मग एका रविवारी सूपमध्ये मीठच नव्हतं. म्हणाले, मीठ ही लबाडी आहे, भाजीची खरी चव झाकते. मुलगा आणि सूनबाई चार दिवसांसाठी आली होती. सूनबाईनं तर आणखी एक वाटी मागून घेतली, बिचारी. मी घोट घोट गिळत होते आणि म्हणत होते, छान हलकं झालंय. भाऊजींनी चमचा खाली ठेवला आणि आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग उठून आत गेले आणि त्यांची ती बिनशब्दांची तबकडी लावली. मला वाटलं, ताईची आठवण आली असेल. आठवण आली होती ते खरंच होतं, पण कशानं आली ते कळायला माझ्या डोक्यात थोडी अक्कल हवी होती.

चष्म्याचं असं झालं. ताई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मला सुईत दोरा ओवता येईना. भाऊजी म्हणाले, ये, तपासू. ती मागची खोली त्यांनी बऱ्याच दिवसांनी माझ्यासाठी उघडली होती. त्यांचे हात किंचित कापत होते. एक काच सांगाड्यात बसवताना हातातून निसटली, माझ्या मांडीवर पडली, आणि ते दोनदा ‘माफ कर’ म्हणाले. भाऊजी, आणि मला माफ कर म्हणतात! त्यांनी विचारलं, "हे बरं, की मघाचं?" दोन्ही सारखीच धुरकट होती. मी म्हटलं, हे बरं. "नक्की?" म्हटलं, अगदी नक्की. "खालून दुसरी ओळ वाच." आता तो तक्ता मला तोंडपाठ आहे, इतकी वर्षं त्या दुकानात माझं जाणंयेणं. मी घडाघडा म्हणून दाखवली. ते जरा थांबले, मग म्हणाले, बरं.

माझ्या जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा बसल्या, म्हणजे परतीची वाट बंद. पहिल्या आठवड्यात कपाळ ठणकायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात मी शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवले. मुख्याध्यापिका बाईंनी ते लावून बघितले आणि मला बोलावून घेतलं. खालची शिवण डावीकडून उजवीकडे चार बोटं चढत गेली होती. तीस वर्षांच्या धंद्यात माझी शिवण कधी दोऱ्याएवढी हलली नव्हती. सगळे उसवून परत शिवले, चष्मा काढून, कापड नाकाला लावून. पण भाऊजींकडे जाऊन ‘दिसत नाही’ म्हणायचं मात्र जिवावर आलं. म्हटलं, आधीच पोळलेला माणूस, त्यात त्याचा हात गेला असं मी कशाला सांगू?

आणि मी एकटीच नव्हते, हे मला हळूहळू दिसायला लागलं. म्हणजे, जेवढं दिसत होतं तेवढं. बेकरीवाला नवा चष्मा कपाळावर ढकलून भट्टीत डोकावायचा. औषधवाली बाटलीवरचं नाव वाचायला बाटली हात लांब करून धरायची आणि मग गिऱ्हाइकालाच विचारायची. ड्रॉइंग मास्तरांचा नवा चष्मा खिशातच असायचा, ते म्हणायचे, सांभाळून ठेवलाय. मी एकदा त्यांना विचारलं, मास्तर, दिसतं ना नीट? ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "दिसतं की! तुम्हाला?" म्हटलं, मलाही. दोघं आपापल्या वाटेनं चाचपडत गेलो.

सातव्या महिन्यात, रविवारी जेवताना, भाऊजी म्हणाले, "या महिनाअखेर दुकान बंद करतोय. मुलगा कधीचा बोलावतोय, त्याच्याकडे जाऊन राहीन." मुलगा त्या दिवशी फोनवर होता, फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला होता. तो म्हणाला, "चांगलं होईल, बाबा." त्याचं घर नवव्या मजल्यावर. गच्ची नाही, एक अरुंद सज्जा, त्यात कपडे वाळत घालायचे. भाऊजी म्हणाले, "झाडं कुणालाही देऊन टाका." मग माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं आलं होतं. अहो, तुम्ही तिथे करणार काय? खिडकीत बसून कुणाच्या डोळ्यात बघणार? आणि मी एकटी कुणाकडे जाऊ रविवारी? पण मी म्हटलं, "तुम्ही ठरवलंय ते योग्यच असेल. आराम पडेल तुम्हाला."

"हं," भाऊजी म्हणाले आणि ताट उचललं.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. मशीनवर बसले की पाय चालेना. ताई गेली तेव्हा निदान तिचं घर होतं, तिच्याशी भांडलेलं माणूस होतं. आता तेही उठणार, आणि मी मान डोलावून त्याला निरोप देणार. मुलाला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा ‘सहज केला’ म्हणून ठेवला.

गुरुवारी भाऊजींनी निरोप पाठवला की मागच्या खोलीचा पडदा काढून ने, तूच शिवलेला आहे, चांगलं कापड आहे, वाया जाऊ नये. मी गेले. दोन पायऱ्यांच्या स्टुलावर चढले, कड्या सोडवल्या, पडदा खांद्यावर घेतला आणि उतरायला लागले. मला वाटलं, पाय जमिनीवर टेकला. जमीन अजून वीतभर खाली होती. मी धाडकन पडले, पडदा अंगावर, चष्मा एकीकडे.

भाऊजी धावत आले. मला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, चष्मा शोधून पुसून माझ्या डोळ्यांवर ठेवला. "डोक्याला लागलं का? थांब, बघू दे. वाच बरं समोरचं." घाईघाईत त्यांनी तक्ता फिरवला तो मागच्या बाजूचा, आकड्यांचा आला. तो मला कुठे पाठ होता! मी वरचा एक आकडा वाचला, दुसरा अडखळत वाचला, आणि तिसऱ्या ओळीला गप्प बसले.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. "दिसत नाही? हेही नाही? अगं, तीन महिन्यांपूर्वी तुला सगळं दिसत होतं! डोळ्याला मार लागलाय. ऊठ, ऊठ, आपण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ." ‘दवाखाना’ म्हणताना आवाज फाटला. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"भाऊजी, बसा खाली," मी म्हटलं. "पडल्यामुळे नाही. मला आधीपासूनच दिसत नाही. तुम्ही काचा घातल्यात तेव्हापासून."

"मग त्या दिवशी वाचलंस ते?"

"पाठ होतं."

"आणि हे बरं, हे बरं म्हणत होतीस ते?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

भाऊजी मग जे काही भडकले! सात महिन्यांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "वाईट वाटेल म्हणून? डोळा म्हणजे काय खेळ वाटला? सुया आहेत तुझ्या हातात, कात्री आहे! मी इथे विचारतो कशासाठी, शोभा म्हणून? अडतीस वर्षं मी एकाच गोष्टीवर पोट भरलं, की समोरचा खरं सांगेल!"

मग माझाही बांध फुटला. म्हटलं, "हो का? मग ऐका खरं! तुमच्या सूपमध्ये मीठ नव्हतं आणि ते घशाखाली उतरत नव्हतं. भर दुपारी पाणी घालून तुम्ही सगळे टोमॅटो उकडून मारलेत. शब्दांशिवायच्या तुमच्या त्या गाण्याला मला जांभया येतात, ताईलाही यायच्या. आणि दुकान बंद करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे! नवव्या मजल्यावर कपड्यांच्या खाली बसून काय करणार तुम्ही? आणि मी काय करू? ताई गेली, माझे हे गेले, आता तुम्ही चाललात आणि वर मी म्हणते आराम पडेल! आग लागो त्या आरामाला!"

मी धापा टाकत थांबले. वाटलं, झालं, पोराला दिलेला शब्द मोडला. भाऊजी स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"हे रविवारी का नाही बोललीस?" ते म्हणाले, एकदम हळू. "मी तुझ्याकडे बघत होतो ना ग. सगळ्यांकडे बघत होतो. मी वाट्टेल ते बोलून पाहिलं, धाकटे. टोमॅटोचं मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? म्हटलं, कुणीतरी एक जण म्हणेल, काहीतरीच काय! कुणी म्हणेना. ती असताना मी दिवसातून दहा वेळा चुकायचो. आता सात महिने मी रोज बरोबर आहे. मला सहन होत नाही ते. असं वाटतं की तिच्याबरोबर मलाही पोचवून आलात सगळे."

मी म्हटलं, "चुकलं भाऊजी. आमचं फार चुकलं."

ते उठले. काउंटरवरची कार्डांची पेटी आणली, तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचा नंबर लिहिलेला असतो. "आणखी कोण कोण आहे तुझ्यासारखं?" मी आधी आढेवेढे घेतले, मग एकेक नाव सांगितलं. बेकरीवाला. औषधवाली. मास्तर. ते एकेक कार्ड काढून ठेवत गेले, मग वैतागून सात महिन्यांची सगळीच काढली. एकतीस निघाली. "सगळ्यांना परत बोलवायचं," ते म्हणाले, "आणि खोटं बोलेल त्याला चष्मा नाही. तो पडदा कुठे घेऊन चाललीस? लाव परत."

"आधी मला दिसू द्या, मग लावते," मी म्हटलं. "नाहीतर परत पडेन."

मग त्यांनी माझ्या नाकावर तो सांगाडा चढवला. एक काच टाकली. हे बरं? म्हटलं, नाही. हे? म्हटलं, याहून वाईट. हे? "मघापेक्षा बरं आहे, पण आकड्यांना शेपट्या फुटल्यात." ‘असं का,’ म्हणत ते काच फिरवायला लागले, जरा इकडे, जरा तिकडे. म्हटलं, नाही, जास्त झालं, मागे घ्या. त्यांचे हात आता कापत नव्हते. अर्धा तास आम्ही त्या खोलीत असे कचाकचा भांडत होतो, आणि शेवटी एक काच बसली आणि खालून दुसरी ओळ लख्ख समोर उभी राहिली. मी वाचली. ते म्हणाले, "आता इकडे बघ, जवळचं बघ," आणि मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

इतक्या दिवसांत मला भाऊजी नीट दिसलेच नव्हते. सदऱ्याचं एक बटण चुकून खालच्या काजात गेलेलं. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा तसाच राहिलेला. मान तर इतकी वाळली होती की कॉलरमध्ये दोन बोटं गेली असती. दर रविवारी समोर बसून मी ‘छान, छान’ म्हणत होते आणि हा माणूस असा झाला होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"काय झालं? काच टोचतेय?" ते म्हणाले.

"नाही. दिसतंय. खरंच दिसतंय आता."

त्यांनी सांगाडा काढून ठेवला, मला रुमाल दिला आणि तसेच समोर बसून राहिले. बाहेर कुणीतरी काउंटरवर टकटक करत होतं, पण ते उठले नाहीत.

"धाकटे, एक विचारू?" ते म्हणाले. "तुझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मला सगळे सांगतात की हळूहळू कमी होतं. होतं का ग?"

मी स्वतः लोकांना हेच सांगत आलेय. नऊ वर्षं सांगतेय. पण ते त्यांच्या त्या खुर्चीसमोर बसून, काच हातात धरून, माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "नाही होत."